शेऱ्याचा रकाना

१

"हाताची चलाख हाय, त्यात काय वाद न्हाय. पर घुमी हाय रं. भिंतीसंगं संसार करायलास तू."

जयाबाई हे बोलल्या तेव्हा त्यांची सून जिन्याच्या सहाव्या पायरीवर होती आणि तिच्या हातात चहाचे दोन कप होते. वरच्या खोलीत मायलेक दोघंच होते. बोलणं सुनेच्या कानासाठी नव्हतं. पण बेळगावजवळच्या काकतीतल्या त्या घराचं वरचं दार कायम उघडं, आणि जयाबाईंचा आवाज बांधावरून हाका मारून मारून तयार झालेला. त्या कुजबुजल्या तरी दोन वाफे पलीकडे ऐकू जायचं.

सरोजिनी थांबली. लग्नाला अजून तीन महिनेही झाले नव्हते. नवरा आता काय म्हणतो हे ऐकायची तिला घाई झाली. बायकोची बाजू घ्यायला एक वाक्य पुरतं.

रविराज म्हणाला, "बोलंल की गं आई, हळूहळू." आणि हसला.

वाक्याबद्दल तिची तक्रार नव्हती. हसण्याबद्दल होती. ती चार पायऱ्या खाली उतरली, मग पावलं वाजवत पुन्हा वर चढली आणि कप ठेवत म्हणाली, "आत्या, साखर बरोबर आहे का बघा."

"आहे, आहे," जयाबाई तिच्यासारखंच बोलून म्हणाल्या आणि त्यांनी लेकाकडे बघून डोळे मिचकावले. सरोजिनी निपाणीची, मास्तरांची मुलगी. तिच्या तोंडून 'हाय' निघत नसे. रात्री पांघरुणात तिनं दोनदा म्हणून बघितलं होतं, 'लई भारी हाय'. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटलं, म्हणून सोडून दिलं.

२

रविराज काय करतो असं कुणी विचारलं की जयाबाई सांगत, "पोरांचा ठोकळ्यांचा खेळ काढलाय कम्प्युटरवर." याहून नेमकं खुद्द रविराजलाही सांगता आलं नसतं. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं. डावीकडे रंगीत ठोकळे: 'चाल', 'वळ', 'थांब', 'बोल', 'दहा वेळा कर'. ते बोटानं ओढून एकाखाली एक जोडायचे आणि हिरवं बटण दाबायचं. की उजवीकडची परकरातली बाहुली सांगितल्याबरहुकूम चालू लागते. एक अक्षर टाइप न करता प्रोग्रॅम तयार. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत. रविराज आणि त्याचा दोस्त सौरव यांनी त्यासाठी नोकऱ्या सोडून बेळगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या.

खेळ होता सीमाभागातल्या शाळांसाठी. तिथल्या पोरांच्या घरी कम्प्युटर नसतो, बापानं टाकून दिलेला मोबाइल असतो. म्हणून ते पान कसल्याही जुन्या मोबाइलवर चालायला हवं होतं. आणि म्हणून रविराजनं लग्नपत्रिकेत छापून टाकलं होतं, 'आहेर आणू नये. वापरात नसलेला मोबाइल किंवा टॅब आणल्यास आनंद होईल.'

भाऊबंदांनी हे फारच मनावर घेतलं. मांडवात नवरानवरीच्या हातात साडीचोळीच्या जागी मोबाइल पडत गेले. काच फुटलेले, पाठ निघालेले, एक तर चार्जरच्या वायरीनं बांधून आणलेला. प्रत्येकाच्या पाठीवर, भांड्यावर नाव घालतात तसा, देणाऱ्याच्या नावाचा कागद डकवला होता. 'शामूमामा, कडोली.' 'भावकू आप्पा, मच्छे.' सगळे मिळून सोळा झाले. वरच्या खोलीत टेबलावर एका लांब फळीला टेकवून रविराजनं ते ओळीनं उभे केले आणि त्यांना नंबर दिले. त्यांच्यापुढे त्यानं एक खुर्ची ठेवली आणि त्या खुर्चीवर बायकोला बसवलं.

काम सोपं होतं, आणि सरोजिनीला आवडत होतं. जयाबाईंना भाकरीच्या पिठाचं बघून दिलं की दहा वाजता ती वर यायची. सोळाही मोबाइलवर तिच्याच नावानं ते पान उघडायची. ठरलेले ठोकळे जोडायची: बाहुली घरातून निघते, विहिरीपर्यंत जाते, घागर भरते, परत घरात येते. तिन्ही भाषांत एकेकदा. कन्नडमधले शब्द लांब, त्यामुळे लहान काचेवर ठोकळा फाटायचा. तेवढं नीट बघायचं. मग त्याच पानावरच्या तक्त्यात त्या नंबरपुढं खूण करायची. शेवटी एक रकाना होता, 'शेरा'. त्यात ती लिहायची, 'ठीक'. दुसऱ्या ओळीत, 'ठीक'. बाहुली विहिरीत पडली तर, 'ठीक नाही'. संध्याकाळी बेळगावच्या खोलीत बसून रविराज तो तक्ता वाचायचा.

पहिल्याच आठवड्यात तिनं एक विचारलं होतं. अकरा नंबरच्या काळ्या टॅबवर नावाचा कागद नव्हता.

"हा कुणी दिला?"

"तुझाच की," रविराज म्हणाला. "तुझ्या ट्रंकेतनं निघाला."

"माझ्या?"

"साड्यांच्या खाली हुता," खालून जयाबाईंनी सांगितलं. "मीच काढला न्हवं का. माहेरासनं घिऊन आलीस आणि इसरलीस व्हय?"

सरोजिनीनं ट्रंक स्वतः भरली होती. साड्या सात, त्याखाली वर्तमानपत्र, त्याखाली पत्रा. पण लग्नाच्या गडबडीत आईनं काही सारलं असेल. वडिलांच्या शाळेत कुणी दिलेला असेल. असं होतं. तिनं टॅब पुन्हा फळीला टेकवला. गप्प बसण्यात ती वाकबगार होती.

३

एका बुधवारी रविराज घरी आला तो हसतच. जेवायला बसला तरी हसत होता. मसुराच्या आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता त्यानं खिशातला मोबाइल काढला.

"आई, ऐक गं. आमच्या तपासनीसबाईंनी काय लिवलंय बघ. 'अकरा नंबरवर बाहुली लाजत लाजत चालायली. विहिरीवर पोचली की मागं वळून बघती, सासू बघत न्हाय न्हवं म्हणून. नवी दिसती घरात.'"

जयाबाईंना ठसका लागला. हसून डोळ्यांत पाणी आलं. "आगं बया! ही व्हय गं तू? पोटात एवढं ठेवून बसलीस?"

सरोजिनीच्या हातात वाढायचा चमचा होता. तिनं सकाळी अकरा नंबरपुढं 'ठीक' लिहिलं होतं. तिला पक्कं आठवत होतं, कारण अकराव्याचा क लिहिताना बोट घसरलं होतं.

ती म्हणणार होती, 'मी नाही लिहिलं.' इतकंच. तीन शब्द. पण रविराज तिच्याकडे बघत होता. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यानं बघितलं होतं त्याहून जास्त वेळ. भाकरी हातात तशीच धरून.

"लाजू नकोस गं," तो म्हणाला. "असंच लिवत जा."

तिनं मान खाली घातली. त्यांना ते हो वाटलं. त्या रात्री ती एक भाकरी जास्त जेवली, आणि ती कुणाच्या वाट्याची होती याचा विचार मात्र तिनं केला नाही.

४

शेरे रोज येऊ लागले. रोज एकच, आणि रोज अकरा नंबरवरून.

'आज बाहुलीनं कन्नडमध्ये नमस्कार केला, पर तोंड वाकडं करून. मराठी शाळंत शिकलेली दिसती.' 'घागर भरली पर बाहुली जाग्यावरनं हलंना. आमच्या आत्या गुळाचा खडा लपवून आमटीत टाकताना अशाच उभ्या ऱ्हात्यात.' यावर जयाबाई लाजल्या चक्क. आमटीत गूळ टाकतात हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सरोजिनीलासुद्धा.

सरोजिनी डोकं शांत ठेवून विचार करत होती. मास्तरांच्या मुलीला तीच सवय.

एक: सौरव. मित्राची चेष्टा करायची हौस त्याला होतीच. तिनं एकदा सहज विचारलं, "सौरवभावजींना माझा पासवर्ड माहीत आहे का?" रविराज म्हणाला, "मलाबी म्हाईत न्हाय, त्याला कुठला?" आणि सौरवला गुळाचं काय माहीत?

दोन: ती स्वतः. लिहिते आणि विसरते. तक्त्यात प्रत्येक शेऱ्याची वेळ पडत असे, ती तिनं बघितली. सोमवारी अकरा चाळीस. सोमवारी अकरा चाळीसला ती परसात जयाबाईंबरोबर चादर पिळत होती. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्यांच्या.

तीन: टॅबच बिघडलेला. हे तिला पटलं. ती टॅब पिशवीत घालून गावातल्या महादेवच्या दुकानात गेली. महादेवनं काचेवर फुंकर घातली, अंगठा फिरवला.

"आक्का, टच आपोआप चालतोय री याचा. जुन्या डिस्प्लेला हुतंय असं. बोट न लावता बोट लागलंय असं वाटतंय त्येला."

"मग तो आपोआप लिहील?"

महादेवनं तिच्याकडे नीट बघितलं. "लिवंल की. पर कायबाय लिवंल. क च्या जागी ट, असलं."

अर्धा दिवस तिला बरं वाटलं. मग संध्याकाळ झाली आणि रविराज घरी येऊन गच्चीवर बसला. तीही शेंगा फोडत शेजारी बसली. तो मोबाइलवर काहीतरी लिहीत होता आणि स्वतःशीच हसत होता. तिनं मान लांब केली. तक्ता होता. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या नावाखाली तो लिहीत होता, 'आज दुपारी गप्प का होतीस? वाट बघत होतो.'

आणि त्याच्या डोळ्यांदेखत, तिच्याही, खाली ओळ उमटली. 'गप्प कुठं. तुमीच यायला उशीर केलासा.'

सरोजिनीच्या दोन्ही हातांत शेंगा होत्या. रविराजनं वर बघितलं नाही. तिचा मोबाइल कुठं आहे, ती कशावर लिहितेय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. नवरा शेजारी बसून दुसरीशी बोलत होता, आणि दुसरीचं नाव सरोजिनीच होतं.

५

मत्सर करायला समोर माणूस लागतं. कुणाचं नाक मोठं आहे, कुणाचा आवाज किनरा आहे, असं काहीतरी हाताशी लागतं. सरोजिनीच्या हाताशी काहीच लागत नव्हतं. ती बाई तिच्याहून गमतीदार होती आणि तिच्याहून या घरातली होती. तिला 'हाय' म्हणता येत होतं.

एके सकाळी तिनं जिद्दीनं स्वतः शेरा लिहिला. अर्धा तास विचार करून. 'बाहुली इतकी हळू चालते की तोवर विहीर आटेल.' पुन्हा वाचलं, बरं वाटलं.

संध्याकाळी रविराजनं विचारलं, "बरं वाटंना व्हय गं? आजचा शेरा लई फिक्का."

"कुठला?"

"सकाळचा. दुपारचा भारी हुता."

ती मोरीवर गेली आणि तीच ती पातेली दुसऱ्यांदा घासत बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं पंधरा मोबाइल बंद केले. अकरा नंबर तेवढा चालू ठेवून खुर्चीवर बसली, हात मांडीवर. या खेळात नवी सोय केली होती. दोन पोरांना दोन मोबाइलवरून मिळून एकच जोडणी करता यायची. दुसऱ्याचं बोट कुठं आहे हे कळावं म्हणून काचेवर चिमुकला पंजा दिसायचा, त्याखाली नाव. आत्ता तिथे पंजा असायचं कारण नव्हतं. दुसरं कुणी जोडलेलंच नव्हतं.

खाली जयाबाईंच्या खलबत्त्याचा आवाज येत होता. ठक, ठक, मग खरवडल्याचा. घाटाकडून जाणाऱ्या ट्रकांची घरघर.

पंजा आला. कोपऱ्यातून, दबकत. खाली नाव होतं, सरोजिनी.

महादेव म्हणाला होता, आपोआप चालतो. पण आपोआप चालणारं बोट इकडंतिकडं उडायला हवं. हे बोट तांदूळ निवडल्यासारखं चाललं होतं. एक ठोकळा उचलायचं, बघायचं, बाजूला सारायचं. तिनं ती पद्धत ओळखली. ती स्वतः तांदूळ तसेच निवडत असे, करंगळी वर धरून. काचेवरच्या पंजाची करंगळी किंचित वर होती. चित्र सगळ्यांना एकच असतं, ते रविराजनं काढलेलं, त्यात करंगळी मिटलेली. तिनं ते एरवी शंभरदा बघितलेलं.

पंजानं जुन्या जोडणीतला शेवटचा ठोकळा काढला, 'परत घरी जा'. त्या जागी तीन नवे आणून जोडले. हे ठोकळे खेळात आधीपासून होते. पोरांना एका माशाचे दहा मासे करायला लागतात म्हणून.

'स्वतःची प्रत बनव.'

'प्रत घरी पाठव.'

'मूळ बाहुली लपव.'

हिरवं बटण आपोआप दबलं. बाहुली घरातून निघाली, विहिरीपर्यंत गेली, घागर भरली. मग तिच्यातून हुबेहूब तशीच दुसरी निघाली, घागर उचलून घराकडे चालू लागली, चांगली ठुमकत. पहिली विहिरीपाशी तशीच उभी राहिली. एकदम नाहीशी झाली नाही. पायांपासून वर, थोडी थोडी पुसत गेली. तोंड शेवटी.

सरोजिनीनं टॅबचं बटण दाबून धरलं. काच काळी झाल्यावरही दाबून धरलं. मग तो जुन्या परकराच्या कापडात गुंडाळला, ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला, कडी घातली आणि कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

त्या दिवशी सगळे पंधराच तपासले. संध्याकाळी रविराज आला आणि म्हणाला, "अकरावर आज कडी केलीस! आईला वाचून दावू का?"

६

शनिवारी बेळगावची खोली दुपारपर्यंतच उघडी असे. सरोजिनी दीडच्या सुमाराला गिरणीतून दळण घेऊन आली. अंगावर हिरवी सुती साडी, केसांवर पीठ. दारात रविराजच्या चपला होत्या. लवकर आला म्हणून तिला बरं वाटलं, आणि तेवढ्यात वरून त्याचं हसणं ऐकू आलं.

मोठ्यानं. पोट धरून हसतात तसं.

ओसरीवर जयाबाई शेंगदाणे पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवून बघितलं. "आगं, आत्ता वर हुतीस न्हवं? गिरणीला कवा गेलीस?"

उत्तर न देता तिनं डबा ठेवला आणि जिना चढू लागली. सहाव्या पायरीवर पाय आपोआप थांबले. तिथून दारातून टेबल दिसायचं, खुर्चीची पाठ भिंतीआड जायची. रविराज पलंगावर मांडी घालून बसला होता, तिला त्याचं अर्धं तोंड दिसत होतं.

आणि एक बाई बोलत होती.

आवाज कसा होता? हळू, भरलेला, कुठंही न अडखळणारा. "तर कोगनोळीच्या नाक्यावर दोरी बांधलेली. वाटा बंद हुत्या न्हवं तवा, रोगाच्या साली. आमचे आप्पा आणि मी स्कूटरवर, आज्जीची गोळ्यांची पिशवी घिऊन. पोलीस म्हणतोय, कुठं? आता आप्पा पडले मास्तर. जन्मात खोटं बोलले न्हाईत. त्येंनी काय केलं म्हाईत हाय? खोटं बोलायचं म्हणून दोन्ही डोळे गच्च मिटले!"

रविराज पुन्हा हसत सुटला.

सरोजिनीनं कठडा धरला. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. आईलाही नाही. कारण नाक्यावर पुढं जे झालं ते तिनं केलं होतं, आणि त्यानंतर आप्पा तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. तिच्या मनात ती गोष्ट रडायची होती. तिथे वर ती हसायची झाली होती, आणि किती सुरेख झाली होती.

टेबलावरच्या मोबाइलच्या काचा काळ्या होत्या. उभ्या, ओळीनं. खुर्चीवर जे होतं त्याचा तुकडा तुकडा त्यांत पडला होता. एकात हिरवा पदर. एकात कानातली कुडी. एकात वेणीचं टोक. तिला आधी वाटलं, आपलंच प्रतिबिंब. खात्री करायला तिनं हात उचलून केसांवरचं पीठ झटकलं. काचेतला हात उचलला गेला नाही. तो बोलता बोलता हवेत नाक्याची दोरी दाखवत होता. करंगळी वर होती.

फळीवर अकरावी जागा रिकामी असायला हवी होती. नव्हती. तिथली काच तेवढी उजळ होती.

सरोजिनीला भिऊन किंचाळायला हवं होतं. पण ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं ओठ थोडे उघडे ठेवले होते, लहान मूल घास घ्यायला ठेवतं तसे. तीन महिन्यांत एकदाही त्यानं तिच्यासमोर असं तोंड केलं नव्हतं. तिला त्या बाईची मान दिसली असती तर तिनं ती धरली असती.

"मग पुढं?" त्यानं विचारलं. "पोलीस काय म्हणाला?"

"पुढचं खाली. चहा घेता घेता सांगते. तुमी व्हा पुढं, मी आलेच."

पलंग कुरकुरला. सरोजिनी आवाज न करता खाली उतरली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं. गॅस पेटवताना काडी दोनदा विझली, एवढंच.

७

रविराज आधी परसात गेला, तोंडावर पाणी मारून आला. टॉवेलनं मान पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला.

"आलीस बी खाली? वाऱ्यागत येतीस, वाऱ्यागत जातीस." आणि आईला हाक मारली, "आई, ये गं. हिची कोगनोळीची गोष्ट ऐक."

जयाबाई सूप घेऊनच आल्या. फतकल मारून बसल्या. "वरनं तुमचं हसणं ऐकून माझा जीव खालीवर हुयाला लागलाय. मलाबी सांगा की."

"हिच्या आप्पांनी डोळे मिटले इथपातुर आलतो," रविराजनं सांगितलं. मग सरोजिनीकडे वळला. "हां. सांग. पुढं काय झालं?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. सासूचा हात शेंगदाण्यात तसाच राहिला होता. नवऱ्यानं ओठ थोडे उघडे ठेवले होते.

म्हणजे ते तोंड आता तिच्यासाठी होतं. तिनं फक्त बोलायचं होतं. गोष्ट तिचीच, शेवट तिला पाठ. पोलिसाला ती काय म्हणाली, आप्पा स्कूटर चालू करताना काय म्हणाले. 'तर मग' म्हणून सुरुवात केली की झालं. उद्यापासून शेरे, गच्ची, सगळं तिच्या नावावर आपोआप चालू राहिलं असतं. कुणाला कळलं नसतं. घुमी सून बोलती झाली म्हणून जयाबाईंनी गावभर सांगितलं असतं. आणि वरची तिच्या गोष्टी एकेक करून सांगत राहिली असती. पुढची कुठली काढली असती? तिच्या गोष्टी तशा फार नव्हत्याच. संपल्या असत्या त्या, आणि मग विहिरीपाशी राहिलेल्या बाहुलीसारखी सरोजिनीच उरली नसती.

"बोल की गं," जयाबाई लाडानं म्हणाल्या. "पोरगी बोलती हाय ह्ये आता म्हाईत झालंय आमाला. भाव खाऊ नकोस."

चहा उतू येत होता. तिनं गॅस बारीक केला.

तेव्हा वर खुर्ची सरकली. लाकडाची फरशीवरची खर्र, लांब. मग पावलं. अनवाणी, सावकाश, टेबलापासून दारापर्यंत. दारात थांबली.

जयाबाईंनी वर बघितलं. मग सुनेकडे. मग लेकाकडे. स्वयंपाकघरात तिघं होते, आणि घरात तिघंच राहत होते. रविराजचं हसू ओठांवर होतं तिथेच राहिलं, नुसतंच, खाली उतरायला विसरल्यासारखं. टॉवेल त्याच्या हातातून मांडीवर पडला.

जिन्याची सगळ्यात वरची पायरी वाजली.

सरोजिनीनं फळीवरून कप काढले. एक, दोन, तीन, चार. ओळीनं मांडले. मग ती त्या दोघांकडे वळली. आवाज तिचाच निघाला, निपाणीचा, थोडा कापरा, आणि तिला तो या घरात पहिल्यांदाच इतका मोठा ऐकू आला.

"ते शेरे माझे नव्हते, एकसुद्धा. 'ठीक' तेवढं माझं, आणि तो एक फिक्का शेरा. तुम्हां दोघांचं तिच्याशी पुष्कळ बोलून झालंय. आता ती आली की तुम्ही गप्प बसा, आणि मला बोलू द्या."